वाहन उद्योगातील डिजिटल उत्पादन तंत्रज्ञान आणि कामगारांची कौशल्ये

वाहन उद्योगातील डिजिटल उत्पादन तंत्रज्ञान म्हणजे मोटारी, दुचाकी, ट्रॅक्टर आणि त्यांचे सुटे भाग बनवताना आराखड्यापासून अखेरच्या तपासणीपर्यंतची माहिती संगणकीय रूपात यंत्रांना पुरवणारी, त्यांच्याकडून परत घेणारी आणि साठवून ठेवणारी कार्यपद्धती होय. सीएनसी या नावाने ओळखली जाणारी संगणकनियंत्रित यंत्रे, सांधणी व रंगकाम करणारे रोबो, कामगाराच्या शेजारी उभे राहून काम करणारे कोबॉट, प्रत्येक बोल्टची नोंद ठेवणारी विद्युत हत्यारे, त्रिमितीय मुद्रण आणि संवेदकांच्या आधारे होणारी देखभाल यांचा तिच्यात समावेश होतो. महाराष्ट्रात ही पद्धती मुख्यतः पिंपरी-चिंचवड, चाकण, रांजणगाव, छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूज आणि नाशिक या पट्ट्यांत रुजली आहे.

यंत्र आले की कामगार जातो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. काही विभागांत ती खरीही ठरली. परंतु बहुतेक ठिकाणी कौशल्य नाहीसे न होता त्याची जागा बदलली. जे हाताला ठाऊक होते ते पडद्यावरील आकड्यांत गेले, आणि काही वेळा कामगाराकडून कार्यालयाकडे गेले. हे स्थलांतरित कौशल्य शिकण्याची संधी कोणाला मिळते आणि कोणाला मिळत नाही, हा या विषयातील कळीचा प्रश्न आहे. जेथे वाहनांचा मोठा कारखाना नाही, पण जेथून कारखान्यांना मनुष्यबळ जाते, अशा वऱ्हाडासारख्या प्रदेशांशीही तो निगडित आहे.

तंत्रज्ञानाचे स्वरूप

हा बदल समजून घेण्यासाठी लेथ यंत्राचे उदाहरण सर्वांत सोयीचे आहे. साध्या लेथवर काम करणारा टर्नर हातचाक फिरवून हत्यार पुढे नेतो. निघणाऱ्या चुऱ्याचा रंग, कापण्याचा आवाज आणि हाताला जाणवणारी थरथर यांवरून तो वेग ठरवतो. सीएनसी लेथवर हाच मार्ग आधी लिहिलेल्या आज्ञावलीनुसार यंत्र स्वतः आक्रमते. मग कामगाराने केवळ जॉब लावायचा आणि काढायचा, असे वरवर पाहणाऱ्यास वाटते.

प्रत्यक्षात हत्याराची धार झिजत असते. धार झिजली की बाहेरून कातलेल्या तुकड्याचा व्यास हळूहळू वाढू लागतो. ही वाढ मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत असते. कामगार ठरावीक तुकड्यांनंतर मायक्रोमीटरने व्यास मोजतो आणि जितका फरक आढळेल तितकी दुरुस्ती यंत्राला देतो. कारखान्याच्या भाषेत यालाच ‘ऑफसेट देणे’ म्हणतात. व्यास ०.०२ मिलिमीटरने जास्त असेल, तर उणे ०.०२ ची दुरुस्ती द्यावी लागते. उण्याऐवजी अधिक चिन्ह पडले, तर पुढचा तुकडा ०.०४ मिलिमीटरने जाड निघतो. दशांश चिन्हाची जागा चुकली, तर हत्यार जॉबवर आदळू शकते.

येथे उष्णतेचाही विचार करावा लागतो. पोलाद तापले की प्रत्येक अंश सेल्सिअसला दर मीटरमागे सुमारे साडेअकरा मायक्रॉन प्रसरण पावते. १०० मिलिमीटर व्यासाचा तुकडा २० अंशांनी तापलेला असताना मोजला, तर तो सुमारे २३ मायक्रॉनने मोठा भरतो. तो आकडा खरा मानून दुरुस्ती दिली, तर थंड झाल्यावर तुकडा लहान ठरतो. मोजमापांसाठी आंतरराष्ट्रीय प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे. उन्हाळ्यात महाराष्ट्रातील पत्र्याच्या शेडमध्ये ते कधीच नसते. हे ज्ञान आज्ञावलीत नसते. ते शिकलेला कामगार आणि न शिकलेला कामगार एकाच यंत्रावर, एकाच बटणासमोर उभे असतात. दोघांतला फरक नाकारलेल्या मालाच्या ढिगात दिसतो.

जुळणी विभागात बदलाचे रूप निराळे आहे. पूर्वी बोल्ट किती आवळायचा याचा अंदाज पान्यावरच्या हाताला असे. आता विद्युत हत्यार ठरलेल्या पिळाला थांबते, पिळाचा आकडा व कोन गाडीच्या क्रमांकासह साठवते आणि बोल्ट राहिला तर रेषा पुढे जाऊ देत नाही. कोणता भाग उचलायचा हे कप्प्यावरचा दिवा सांगतो. येथे कामगाराची निर्णयक्षमता खरोखरच आकुंचन पावते. चूक कमी होते, परंतु शिकण्यासारखेही थोडेच उरते. सीएनसी विभाग आणि जुळणी विभाग यांतील हा भेद दुर्लक्षून ‘डिजिटल तंत्रज्ञानाने कौशल्य वाढते’ किंवा ‘घटते’ असे सरसकट विधान करणे फारसे उपयोगाचे नाही.

सर्वाधिक कौशल्यवृद्धी देखभाल विभागात झाली. रोबो थांबला, तर दोष यांत्रिक आहे, विद्युत आहे, संवेदकात आहे की आज्ञावलीत, हे एकाच माणसाला ओळखावे लागते. त्यामुळे फिटर आणि इलेक्ट्रिशियन या जुन्या व्यवसायांमधली भिंत पडली आणि दोन्ही विद्या सांगणाऱ्या मेकॅट्रॉनिक्स शाखेला महत्त्व आले.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत यंत्रांचे स्वयंचलन करण्याचे दोन मार्ग पुढे आले. पहिल्या मार्गात निष्णात कामगाराने एकदा हाताने काम करायचे, त्याच्या हालचाली फितीवर नोंदवायच्या आणि यंत्राने त्या पुन्हा करायच्या, अशी कल्पना होती. दुसऱ्या मार्गात अभियंत्याने आराखड्यावरून गणिती आज्ञा लिहायच्या होत्या. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९५२ मध्ये दाखवण्यात आलेले संख्यानियंत्रित यंत्र दुसऱ्या मार्गाचे होते, आणि तोच मार्ग रूढ झाला. इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की ही निवड निव्वळ तांत्रिक नव्हती. कामावरचे नियंत्रण कामगाराच्या हातून व्यवस्थापनाकडे जावे, ही इच्छाही तिच्यामागे होती. हॅरी ब्रेव्हरमन यांनी १९७४ मध्ये मांडलेला कौशल्यऱ्हासाचा सिद्धान्त याच विचाराचा होता. पुढे शोशाना झुबॉफ यांनी १९८८ मध्ये या चर्चेला वेगळे वळण दिले. संगणकीकृत यंत्र काम करते तसेच कामाविषयी माहितीही निर्माण करते आणि ती माहिती वाचण्याचा अधिकार कामगाराला दिला तर त्याचे कौशल्य वाढते, असे त्यांचे म्हणणे होते.

या वादाची खूण आजही प्रत्येक सीएनसी यंत्रशाळेत पाहता येते. अनेक यंत्रांच्या नियंत्रण फलकावर एक छोटी चावी असते. ती फिरवल्याशिवाय आज्ञावलीत बदल करता येत नाही. ही चावी ऑपरेटरकडे राहते, सेटरकडे की पर्यवेक्षकाच्या खिशात, यावरून त्या कारखान्यातील श्रमविभागणी ओळखता येते.

वाहन उद्योगातील पहिला औद्योगिक रोबो ‘युनिमेट’ १९६१ मध्ये जनरल मोटर्सच्या न्यू जर्सी येथील कारखान्यात तप्त ओतीव भाग उचलण्यासाठी बसवण्यात आला. याच कंपनीच्या एका विभागाला प्रत्येक नव्या मॉडेलच्या वेळी रिले-फलकांचे तारकाम बदलावे लागे. त्या त्रासातून १९६८-६९ मध्ये प्रोग्रामेबल लॉजिक कंट्रोलर, म्हणजेच पीएलसी, विकसित झाला. ‘इंडस्ट्री ४.०’ ही संज्ञा बरीच अलीकडची आहे. ती २०११ मध्ये जर्मनीतील हॅनोव्हर येथील औद्योगिक मेळ्यात प्रथम प्रचारात आली.

महाराष्ट्रातील वाटचाल

टेल्को, म्हणजे आजच्या टाटा मोटर्स या कंपनीने पुणे परिसरात १९६० च्या दशकात पाऊल ठेवले, तेव्हा सुमंत मुळगावकर यांच्या नेतृत्वाखाली आधी यंत्रहत्यारे बनवणारा विभाग आणि प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. या कारखान्यातून पहिले व्यापारी वाहन बाहेर पडले ते १९७७ मध्ये. आधी माणसे आणि हत्यारे घडवायची, मग गाडी, हा क्रम आजच्या घाईच्या काळात विशेष उठून दिसतो. पिंपरी-चिंचवड परिसरातील अनेक लघुउद्योजक अशा मोठ्या कारखान्यांतील उमेदवारीतूनच पुढे आले.

याच कंपनीने १९९८ मध्ये ‘इंडिका’ ही मोटार आणली. तिच्यासाठी ऑस्ट्रेलियातील निसान कंपनीच्या बंद पडलेल्या कारखान्याची यंत्रसामग्री उतरवून जहाजाने पुण्यास आणण्यात आली आणि पुन्हा जोडण्यात आली. दुसऱ्याने टाकून दिलेली स्वयंचलित यंत्रे सोडवून पुन्हा उभी करणे हे नवी यंत्रे विकत घेण्याहून अवघड काम होते.

पुण्याजवळील मुंढवा येथील भारत फोर्जचे उदाहरण वेगळ्या प्रकारचे आहे. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीत घडाईचे काम पूर्वी घणयंत्रांवर चाले. सुमारे १२०० अंशांपर्यंत तापवलेला पोलादी गोळा सांडशीने फिरवणे हे मोठ्या ताकदीचे आणि नजरेचे काम होते. १९९० च्या सुमारास कंपनीने जर्मन बनावटीच्या स्वयंचलित प्रेस आणल्या. त्यांबरोबर मनुष्यबळाची रचनाही पालटली आणि अंगमेहनतीच्या कामगारांच्या जागी अभियंते व पदविकाधारक यांचे प्रमाण वाढत गेले. येथे कौशल्य वाढले हे खरे, पण ते त्याच माणसांचे वाढले असे नाही.

बजाज ऑटोच्या आकुर्डी कारखान्याने या स्थित्यंतराची दोन्ही टोके पाहिली. १९७२ पासून बाजारात असलेली ‘चेतक’ स्कूटर येथेच तयार होत असे. २००७ मध्ये आकुर्डीतील उत्पादन थांबवण्यात आले. जून २०२२ मध्ये त्याच आवारात विजेवर चालणाऱ्या ‘चेतक’चा नवा कारखाना सुरू झाला. त्यात मालाची ने-आण, सांगाड्याची बांधणी, रंगकाम आणि जुळणी यांसाठी रोबो व स्वयंचलित यंत्रणांचा वापर केला जातो. जुन्या चेतकमध्ये सिलिंडर, दट्ट्या, कार्बुरेटर आणि गिअर होते. नव्या चेतकमध्ये सिलिंडर, दट्ट्या आणि कार्बुरेटर यांपैकी काहीच नाही. नाव आणि जागा तीच राहिली, पण सिलिंडर घासून देणाऱ्याचे काम तेथे उरले नाही. त्याऐवजी विद्युतघट, मोटार व नियंत्रक यांची चाचणी घेणारी माणसे लागतात.

कोबॉटच्या वापरातही ही कंपनी देशात अग्रेसर ठरली. चाकण येथील कारखान्यात २०१० पासून युनिव्हर्सल रोबोट्स या डॅनिश कंपनीचे कोबॉट बसवण्यात आले आणि पुढे कंपनीतील त्यांची संख्या शंभरावर गेली. माणसाचा धक्का लागताच हे यंत्र थांबते, त्यामुळे धोका तपासून योग्य वाटल्यास त्याभोवती जाळीचे कुंपण न घालताही काम करता येते. जड किंवा एकसुरी काम कोबॉटकडे गेल्याने जुळणी विभागात महिला कामगारांना मोठ्या संख्येने सामावून घेणे सोपे झाले. कोबॉटचा हात धरून त्याला मार्ग दाखवता येतो आणि तो मार्ग त्याच्या लक्षात राहतो. कामगाराच्या हालचाली फितीवर नोंदवण्याची जी कल्पना १९५० च्या दशकात मागे पडली होती, ती अशा रीतीने सहा दशकांनी मागल्या दाराने परत आली. तथापि मार्ग शिकवण्याचे काम रेषेवरील कामगाराला द्यायचे की अभियंत्याला, हे प्रत्येक कारखाना आपापल्या परीने ठरवतो.

प्रशिक्षण आणि रोजगाराचे स्वरूप

औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आयटीआय, ही कारागीर प्रशिक्षण योजना १९५० मध्ये सुरू झाली. शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ चा असून तो २०१४ मध्ये बराच शिथिल व व्यापक करण्यात आला. तीस किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर आणि इलेक्ट्रिशियन या जुन्या व्यवसायांना अलीकडे विद्युत वाहन दुरुस्ती, प्रगत सीएनसी यंत्रकाम, औद्योगिक रोबोटिक्स अशा अभ्यासक्रमांची जोड मिळाली आहे. फोक्सवॅगनच्या चाकण कारखान्यातील प्रशिक्षण केंद्रात जर्मन पद्धतीनुसार वर्ग आणि कारखाना यांत आलटून पालटून शिकवले जाते. केंद्र सरकारच्या अवजड उद्योग खात्याच्या ‘समर्थ उद्योग भारत ४.०’ या योजनेतून पुण्यात सी४आय४ ही प्रयोगशाळा स्थापन झाली. लहान उद्योगांना नव्या पद्धतींची ओळख करून देणे हे तिचे एक काम आहे.

अभ्यासक्रमांची उणीव आहे असे म्हणता येत नाही. अडचण आहे ती नोकरीच्या स्वरूपाची. वार्षिक उद्योग पाहणीनुसार देशातील संघटित कारखान्यांमधील कामगारांत कंत्राटी कामगारांचे प्रमाण आता सुमारे ४० टक्के आहे. ऑफसेट देण्यातले मर्म, गरम तुकड्याचे गणित, अलार्म कशामुळे आला हे ओळखण्याची सवय, या गोष्टी एका यंत्रावर दोन-तीन वर्षे काढल्याशिवाय येत नाहीत. करार संपताच दुसऱ्या दाराने दुसऱ्या कारखान्यात जाणाऱ्या तरुणाला दर वेळी जॉब लावण्या-काढण्यापासून आरंभ करावा लागतो. ‘प्रशिक्षणार्थी’ या नावाखाली उत्पादनाचे नेहमीचे काम करवून घेतले जाते, अशी कामगार संघटनांची जुनी तक्रार आहे. कारखानदारांच्या बाजूने असे सांगितले जाते, की शिकवून तयार केलेला माणूस थोड्या जास्त पगारासाठी शेजारच्या कंपनीत निघून जातो. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत आणि एकमेकींना खतपाणी घालतात.

मर्यादा

स्वयंचलनाला मर्यादा असल्याचा अनुभव प्रगत देशांतही आला. टोयोटा कंपनीने २०१४ च्या सुमारास जपानमधील काही विभागांत क्रँकशाफ्टच्या घडाईसारखी कामे मुद्दाम पुन्हा माणसांच्या हाती दिली. कामगार म्हणून सुरुवात करून वरिष्ठ पदावर पोहोचलेले मित्सुरू कावाई या प्रयोगामागे होते. हाताने काम केलेल्या माणसालाच यंत्राची पद्धत सुधारता येते, अशी त्यांची भूमिका होती.

दुसरी मर्यादा पुरवठा साखळीच्या तळाशी दिसते. मोटार जुळवणारा कारखाना अत्याधुनिक असला, तरी तिच्यातील लहानसहान पत्र्याचे भाग दुसऱ्या-तिसऱ्या फळीतील छोट्या शेडमध्ये साध्या पॉवर प्रेसवर निघतात. या प्रेसवर बोटे गमावणाऱ्या कामगारांची नोंद ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून आपल्या ‘क्रश्ड’ या वार्षिक अहवालात प्रसिद्ध करत आहे. दोन्ही हातांनी बटणे दाबल्याशिवाय प्रेस न चालणे किंवा हात आत जाताच प्रकाश-पडद्याने यंत्र थांबणे, ही तंत्रे जुनी आहेत आणि रोबोच्या तुलनेत कितीतरी स्वस्तही आहेत. एकाच गाडीच्या एका भागाची नोंद मायक्रॉनपर्यंत ठेवली जाते आणि दुसरा भाग संरक्षणाविना प्रेसवर निघतो.

वऱ्हाडातील स्थिती

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत मोटारींचा मोठा कारखाना नाही. येथील उद्योग प्रामुख्याने जिनिंग-प्रेसिंग, अकोल्यातील डाळ गिरण्या आणि नांदगाव पेठ येथील वस्त्रोद्योग असे शेतमालाशी जोडलेले आहेत. विदर्भातील वाहन उद्योगाची ठळक ठिकाणे पूर्वेकडे आहेत. नागपूरजवळ हिंगणा येथे महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना आणि भंडारा जिल्ह्यात अशोक लेलँडचा गिअरबॉक्स कारखाना आहे. त्यामुळे आयटीआय किंवा पदविका पूर्ण केलेल्या वऱ्हाडी तरुणांचा ओढा सुमारे सहाशे किलोमीटरवरील पुणे-चाकणकडे, अथवा वाटेवरील वाळूजकडे असतो. अमरावती-परतवाडा मार्गावरील, पेढी नदीकाठचे आणि संत गाडगेबाबांच्या निधनस्थळामुळे परिचित असलेले वलगाव हे अशा शेतीप्रधान गावांपैकी एक आहे. एका हंगामाचे कपाशीचे पीक हातचे गेले, तर घरातील कोणीतरी ‘कंपनीत’ असणे हा त्या कुटुंबाचा आधार असतो. म्हणून कंत्राट संपून परतलेल्या मुलाच्या हाती कोणते कौशल्य आहे, हा प्रश्न येथे केवळ औद्योगिक राहत नाही.

परतलेल्यांपैकी काही जण दुचाकी व ट्रॅक्टर दुरुस्तीकडे वळतात. तेथेही डिजिटल तंत्रज्ञान पोहोचलेच आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज ६ ही उत्सर्जन मानके लागू झाली. दुचाकींमधील कार्बुरेटरची जागा संगणकनियंत्रित इंधन-अंतःक्षेपणाने घेतली आणि गॅरेजमध्ये पान्यांच्या पेटीशेजारी स्कॅनर आला. मोटारीला स्कॅनर जोडला असता ‘पी०३०१’ असा संकेतांक दिसला, तर पहिल्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही एवढे कळते. ते स्पार्क प्लगमुळे, कॉइलमुळे, इंजेक्टरमुळे की दाब कमी पडल्यामुळे, हे स्कॅनर सांगत नाही. सीएनसी यंत्रावर व्यासाच्या आकड्यामागचे कारण शोधण्याची सवय ज्याला लागलेली असते, त्याला येथे ती उपयोगी पडते. जॉब लावण्या-काढण्यापलीकडे ज्याला काही शिकवले गेले नाही, त्याच्याजवळ ती नसते.

भाषेचा अडसर

डिजिटल यंत्रे आकड्यांबरोबर भाषेतूनही बोलतात, आणि ती भाषा बहुधा इंग्रजी असते. चेन्नई येथील राष्ट्रीय अनुदेशात्मक माध्यम संस्था आयटीआयची पाठ्यपुस्तके मराठीसह अन्य भारतीय भाषांत प्रसिद्ध करते. परंतु नियंत्रण पडद्यावरील अलार्मचा मजकूर आणि यंत्राची पुस्तिका बहुतांश इंग्रजीतच असते. मराठी माध्यमातून शिकलेला विद्यार्थी यंत्राचे तत्त्व समजूनही पडद्यापुढे अडखळतो आणि सेटरला हाक मारतो.

या अडचणीतून मार्ग काढताना कामगारांनी स्वतःची एक मिश्र बोली घडवली आहे. ‘झीरो घेणे’ म्हणजे तुकड्यावरील आरंभबिंदू यंत्राला दाखवणे, ‘मशीन अलार्मला जाणे’ म्हणजे दोषसूचना देऊन यंत्र थांबणे. ‘ऑफसेट’ हा शब्द मराठी क्रियापदांबरोबर इतका रुळला आहे, की तो ‘दिला’ जातो, ‘मारला’ जातो आणि ‘चुकतो’ही. पारिभाषिक कोशांत यांपैकी बहुतेक प्रयोग सापडत नाहीत. नवा मुलगा यंत्रावर रुजू होतो तेव्हा पहिल्या आठवड्यात त्याला ही बोली शिकवतो तो शेजारच्या यंत्रावरचा जुना ऑपरेटर.